रॉकिटवाल्याचा एक शब्द

आमच्या यायले अख्खी वस्ती रॉकिटवाले म्हणे. खरं नाव देवाजी चहांदे, काम कापडाच्या गिरणीत मागावर, घर इंदोऱ्यात. पण कोणी पाहुणा 'देवाजी चहांद्याचं घर कोणतं गा?' म्हणून विचारे तं लोक डोकं खाजवत बसत. 'रॉकिटवाले' म्हटलं का शेंबडं पोट्टंबी हात धरून दाराशी आणून सोडे. मी त्यायची बायको, इंदूबाई. मले रॉकिटवालीन म्हणत, अन् मले असा राग ये का विचारू नका. मी काय जिंदगीत एकबी रॉकिट उडवलं नाही बाप्पा. मी नुसती मागून झाडझूड केली.

हे खूळ डोक्यात शिरलं ते माणूस चंद्रावर गेला त्या साली. चौकातल्या पानठेल्यावर रेडिओ लागला होता. तिथं ऐकून हे घरी आले, चप्पल न काढता चुलीपर्यंत आले अन् म्हणाले, "इंदे, पोहचला!" मी म्हटलं, "कोण? बायजाबाई आल्या काय?" बायजाबाई म्हणजे यायची मोठी बहीण, त्या कामठीवरून येणार होत्या. हे म्हणाले, "अवं, माणूस पोहचला, चंद्रावर." मी म्हटलं, "तो पोहचला तं पोहचला, तुमी चप्पल काढा पहिले."

दुसऱ्या दिवशी माहं लाटणं गायब. शोध शोध शोधलं, तं हे मागच्या अंगणात बसलेले, लाटण्यावर पेपर गुंडाळून राहिले अन् मैद्याची खळ लावून राहिले. नळी बनवत होते. तेव्हापासून त्या लाटण्याची जी गत झाली ती कशाचीच होऊ नये. खळ वाळून राहे, पेपर चिकटून राहे, अन् मी पोळी लाटली का पोळीवर शाई उठे. एकदा यायच्याच ताटात अशी पोळी पडली. हे ती उलटी धरून वाचाले लागले अन् हसाले लागले. मले बी हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

रॉकिट म्हणजे काय, तं ती पेपरची नळी. तिच्या टोकाले गिरणीतला सुताचा फुटका कोन, पुठ्ठ्याचा असते तो. खाली शेपटाले पतंगवाल्याकडच्या कामट्या. पोटात इतवारीच्या बाजारातून आणलेल्या अनारातली दारू. अन् वरच्या खोपच्यात घडी करून ठेवलेली, खाली येताना उघडाची छत्री, म्हणजे माह्या लुगड्याचा तुकडा. कोणतं लुगडं जुनं अन् कोणतं नाही हे त्या माणसाले कधी समजलंच नाही. एका मंगळवारी मी आभाळात पाह्यते तं माह्या बहिणीनं दिलेलं लाल लुगडं हळूहळू खाली येऊन राहिलं.

त्या दारूचं तं अजून वेगळंच. बायजाबाईले कोणीतरी सांगितलं का तुह्या भावाच्या घरी दारू भरून राहिली आहे. त्या कामठीवरून तरातरा आल्या. आम्ही पंचशील घेतलेली माणसं, घरात बाबासाहेबायचा फोटो, अन् दारू? उंबऱ्यावरूनच रडाले लागल्या, "देवा, तुनं आपल्या बापाचं नाव बुडवलं रे!" हे आतून नळी घेऊन आले अन् म्हणाले, "बाई, ही प्याची नाही, ही पेटवाची." तरी बाईनं वास घेऊन पाह्यला, तेव्हा कुठं चहा घेतला.

उडवाची जागा म्हणजे चुनाभट्टीचं मैदान. आमच्या गल्लीच्या मागं, नाल्याच्या अलीकडं. भट्टी कधीची बंद पडली होती, पांढरी माती तेवढी राहिली होती. मोडक्या छत्रीची दांडी मातीत रोवाची, तिच्यात रॉकिट अडकवाचं अन् वात लावाची. नत्थूजी म्हणून यायचे गिरणीतले सोबती होते, शेजारच्याच मागावरचे. ते शिट्टी फुकून लोकायले मागं हाकलत. आठवडी सुट्टीच्या दिवशी सारी वस्ती तिथं जमे. तिथं एक नेम होता अन् तो यायनंच घालून दिला होता. रॉकिट दांडीवरून निघालं का पहिले यायनं ओरडाचं, "सुटलं!" अन् मंग साऱ्या मैदानानं ओरडाचं, "सुटलंऽऽ!" यायच्या आधी कोणी तोंड उघडाचं नाही. काहून? तं कधी कधी नुसता फुसकन धूर निघे, लोक ओरडत, पोट्टे धावत, अन् रॉकिट तिथंच पेटे. यायनं 'सुटलं' म्हटलं म्हणजे भेव गेलं. अन् नाही उडालं तं हे म्हणत, 'बसलं', अन् मंग नत्थूजीच्या शिट्टीशिवाय कोणी हालत नसे.

सगळंच काही बरोबर होत नसे म्हणा. एकदा वाऱ्यानं रॉकिट वळलं अन् आमच्या शेजारच्या रंभाबाईच्या पापडायवर जाऊन पडलं. उडदाचे पापड, नुकते खाटेवर वाळू घातलेले! रंभाबाईनं जे तोंड सोडलं, ते दिवे लागेपर्यंत. मी बी काही कमी नाही, मी इकडून सुरू झाली. अन् ज्यायच्यामुळं हे झालं ते कुठं होते? ते खाटेखाली वाकून आपल्या रॉकिटाचं शेपूट शोधून राहिले होते.

मी एकदा विचारलं, "तुमाले यातून भेटते तरी काय?" म्हणाले, "दिवसभर मागावर मान खाली असते वं. आठवड्यातून एकदा वर पाहाले काहीतरी पायजे." मी म्हटलं, "वर पाहाचंच असन तं आपल्या छपराचं कवेलू फुटलं आहे, ते पाहा." अशी माही जीभ. पण खरं सांगते, ते मैदानात उभे राहात, हात डोळ्यावर धरून वर पाहात, तेव्हा मले तो माणूस गजब आवडे. कधी सांगितलं नाही. असं कोणती बाई सांगते?

अन् मंग यायले लकवा मारला.

गिरणीत, पाळी चालू असताना, मागासमोरच पडले. नत्थूजीनं अन् बाकीच्यायनं उचलून मेडिकलच्या दवाखान्यात नेलं. मले निरोप आला तेव्हा मी पोळ्या करत होती, तव्यावर पोळी तशीच टाकून पळाली. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. अन् बोलणं गेलं. सारं नाही गेलं, एक शब्द राहिला. 'सुटलं.' डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मले बसवून समजावलं का मेंदूतली बोलाची जागा मार खाते, तेव्हा कोणाकोणाचा एखादा शब्द तेवढा अडकून राहते. त्यायच्या मनात दुसरंच असते पण तोंडातून तोच निघते. मी विचारलं, "मंग त्यायच्या मनात काय आहे हे मले कसं समजन?" डॉक्टर म्हणाला, "ते तुमालेच हळूहळू समजन बाई."

समजते म्हणे! पाणी पायजे तं 'सुटलं'. पांघरूण नको तं 'सुटलं'. माशी बसली तं 'सुटलं'. आवाज तेवढा बदले, कधी चिडून, कधी हळू. पाटी दिली तं डाव्या हातानं नुसत्या रेघा ओढल्या अन् पाटी ढकलून दिली. मान हालवून सांगा म्हटलं, तं हो ले बी कशीबी हाले अन् नाही ले बी कशीबी. मी विचारलं, "तुमचं नाव देवाजी ना?" तं आडवी. "मी तुमची बायको ना?" तं पहिले उभी, मंग आडवी. मी हसली, अन् मंग पदरात तोंड घालून रडली.

घरी आणल्यावर वस्तीतले येऊन राहिले पाहाले. अन् येणारा प्रत्येक जण अर्थ सांगे. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! रंभाबाई म्हणे, "पायजम्याचा नाडा सुटला असन, पाह्य वं." पाह्यला, चांगला बांधलेला होता. नत्थूजी म्हणे, "भोंगा झाला ना वहिनी, पाळी सुटली म्हणतात ते." पानठेलेवाला म्हणे, "तोंडाले पाणी सुटलं असन, काही चमचमीत करून द्या." मी त्याचंबी ऐकलं. पाटवडीचा रस्सा केला, यायले जीव की प्राण होता तो. मऊ करून, कुस्करून तोंडाशी नेला. यायनं मान फिरवली, डोळे मिटले अन् म्हणाले, "सुटलं."

तिथूनच ते सुरू झालं. यायनं जेवण टाकलं. पहिले पोळी, मंग भात, मंग मुगाची खिचडी, मंग दूधबी. चमचा नेला का ओठ गच्च. जबरदस्तीनं बोट घालून तोंड उघडाव तं घास गालात धरून ठेवत अन् थुंकून देत, अन् माह्याकडं पाहून म्हणत, "सुटलं. सुटलं." हातापायाच्या काड्या झाल्या. गळ्याची हाडं वर आली.

बायजाबाई आल्या होत्या राहाले. दोन दिवस त्यायनं पाह्यलं अन् मले अंगणात बसवलं. म्हणाल्या, "इंदू, तुले राग येईन, पण आयक. तो सरळ सांगून राहिला अन् तू आयकून नाही राहिली. त्याले सुटाचं आहे. यातून मोकळं व्हाचं आहे."

माह्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "बाई, तुमी बहीण का कोण?"

"बहीण आहे म्हणूनच म्हणते," त्या म्हणाल्या, अन् त्याबी रडाले लागल्या. "माह्या मायले आम्ही असंच कोंबून कोंबून भरवलं होतं. तिचे हाल हाल झाले. माणूस नाही म्हणते तं त्याले भरवू नको. पाणी दे, जवळ बस, भंतेजीले बोलावू, परित्राण पाठ होऊ दे. पण आता कोंबू नको वं."

मी उठून घरात गेली. हे खाटेवर पडून वर कवेलूकडं पाहून राहिले होते. मी म्हटलं, "अहो, बाई म्हणतात ते खरं आहे काय?" यायनं माह्याकडं पाह्यलं. डोळे सारं समजत होते, ते मी शपथेवर सांगते. म्हणाले, "सुटलं." आता हे हो झालं का नाही झालं? ज्याचं जळते त्यालेच कळते म्हणतात, पण माहंच जळत होतं अन् मलेच कळत नव्हतं. भरवाव तं यायच्या मनाविरुद्ध, अन् न भरवाव तं मी माह्या हातानं माणूस उपाशी मारला. सांगा, कोण्या बाईनं काय कराव?

मंग मले वाटलं, आपण सारे गाढव आहो. हा शब्द नाड्याचा नाही, गिरणीचा नाही अन् मरणाचाबी नाही. हा मैदानातला शब्द आहे! या माणसाले रॉकिट पाह्यचं आहे, अन् आपण त्याले खाटेवर टाकून खिचडी कोंबून राहिलो. असं उजेड पडल्यासारखं झालं मले. खाटेखालच्या पेटीत यायनं आधीच बनवून ठेवलेलं एक रॉकिट होतं. मी ते काढलं, पदरानं पुसलं अन् नत्थूजीच्या घरी गेली. नत्थूजी म्हणाले, "वहिनी, दारूले ओल लागली असन. बसन ते." मी म्हटलं, "बसलं तं बसलं. पण उद्या मैदानात पायजे म्हणजे पायजे."

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर यायले सायकलरिक्षात बसवलं. मी बाजूले बसली, शेल्यानं त्यायले माह्या अंगाशी बांधून घेतलं, नाही तं एका बाजूले कलंडत होते. मागून बायजाबाई, रंभाबाई, अन् बातमी लागल्यावर वस्तीच लोटली. इतके दिवस मैदान रिकामं होतं ना. नत्थूजीनं दांडी रोवली, रॉकिट अडकवलं, शिट्टी फुकली. लोक मागं सरले.

यायनं ते पाह्यलं. मी रॉकिट पाहातच नव्हती, मी यायचं तोंड पाहून राहिली होती. वाटलं आता खुलन. पण यायनं डाव्या हातानं माहं मनगट धरलं. एवढा जोर त्या हातात कुठून आला काय माहीत. अन् म्हणाले, "सुटलं. सुटलं. सुटलं." डोळ्यातून पाणी. समोर काही सुटलंच नव्हतं, नत्थूजीची काडीबी पेटली नव्हती. लोक हसले, मायेनंच हसले. कोणी ओरडलं, "दम धरा रॉकिटवाले, अजून वात लावाची आहे!" पण हे तिकडं पाहातच नव्हते. माह्याकडं पाहून राहिले होते. ते मलेच काहीतरी सांगून राहिले होते, जीव तोडून सांगून राहिले होते. मी म्हटलं, "काय पायजे हो? काय सांगून राहिले? दुखून राहिलं का काही? घरी जाचं आहे का?" प्रत्येकाले तेच, "सुटलं." मी कान तोंडाशी नेला. जसं काही जवळ गेल्यानं दुसरा शब्द येईन!

तेवढ्यात नत्थूजीनं वात लावली. अन् काय सांगू, ओल लागली होती म्हणे, पण ते रॉकिट इतकं सरळ गेलं का तसं कधीच गेलं नव्हतं. सूंऽऽ करून वर, मैदानाकडेच्या पिंपळाच्याबी वर.

अन् मैदान चूप. एकबी माणूस ओरडला नाही. नेम होता ना, पहिले यायनं ओरडाचं. साऱ्यायनं माना रिक्षाकडं वळवल्या अन् वाट पाहात राहिले. पोट्टे तोंड उघडून तयार. यायच्याजवळ दुनियेतला एकच शब्द होता, अन् तोच लोकायले पायजे होता. मी म्हटलं, "म्हणा ना हो. म्हणा." हे माह्या मनगटाकडं पाहून राहिले. मंग हळूच हात सोडला अन् मांडीवर ठेवून दिला. ओठ मिटले. वर छत्री उघडली, रॉकिट वाऱ्यावर डुलत डुलत खाली आलं अन् नाल्यापलीकडं गेलं. ते आणाले कोणी गेलं नाही. लोक एकेक करून घरी गेले.

त्या दिवसापासून तो शब्दबी गेला. म्हणजे जीभ गेली असन का त्यायनं स्वतःच टाकला असन, मले काय माहीत. मी आधी गळ्याची शपथ घालत होती का हा शब्द बंद करा, मले ऐकवत नाही. आता मी म्हणून राहिली, "बोला हो, तेच बोला, सुटलं म्हणा."

पण जेवाले लागले. दुसऱ्याच दिवशी मी वरणभात कालवून नेला, तं तोंड उघडलं, खाल्लं, गिळलं. सारं ताट खाल्लं. मी खुशीनं ओरडलीच, रंभाबाई भिंतीवरून डोकावली अन् वाटीभर खीर घेऊन आली. तीबी खाल्ली. बायजाबाईनं मले मिठी मारली, म्हणाल्या, "तुहं खरं झालं माय, माहं खोटं झालं. त्याले रॉकिटच पाह्यचं होतं." साऱ्या वस्तीत तेच झालं का रॉकिटानं माणूस उठवला. नत्थूजी तं पानठेल्यावर बसून सांगत का अजून एक उडवलं तं चालालेबी लागतीन. बायजाबाई समाधानानं कामठीले गेल्या.

मीबी काही दिवस तेच म्हटलं. मंग मले दिसाले लागलं. यायले आवडीचं दिलं तरी खात अन् नावडीचं कारलं दिलं तरी खात. मीठ राहून गेलं तरी खात. रंभाबाईनं भरवलं तरी, नत्थूजीनं भरवलं तरी. पोट भरलं म्हणून मान फिरवणं नाही, अजून पायजे म्हणून पाहणं नाही. एकदा माह्या ध्यानात न राहून घास कढत गेला. यायच्या डोळ्यात पाणी आलं, ते गिळलं, अन् पुढच्या घासाले पुन्हा तोंड उघडलं. मी वाटी खाली ठेवली. मले समजलं का हा माणूस बरा नाही झाला. यानं मले सांगणं सोडून दिलं आहे. सांगून सांगून थकला, अन् आपली बायको काही समजत नाही म्हणून आता ती देते ते गिळून राहिला आहे.

एका सकाळी दारात ऊन आलं होतं. यायले भिंतीले टेकवून बसवलं अन् मी समोर बसली, खिचडीची वाटी घेऊन. घरात कोणी नव्हतं. घास बोटात घेतला अन् मी विचारलंच. म्हटलं, "एक सांगा. तुमाले जगाचं आहे का नाही? कराचं तेच करते मी, तुमी म्हणसान तसं. पण सांगा."

यायनं मान वर केली. माह्याकडं नीट पाह्यलं, पहिल्यासारखं. अन् तोंड उघडलं.

बोलाले उघडलं का घासाले, मले समजलं नाही. माह्या बोटात घास होता. मी तो घातला.